निसर्गदृश्यातील मानवाकृती : छायाचित्रणाच्या इतिहासातील एक प्रश्न आणि विटा-माणदेश परिसर

१. प्रस्तावना

छायाचित्रणाचा इतिहास लिहिताना व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र असे दोन स्वतंत्र विभाग पाडण्याची प्रथा आहे. व्यक्तिचित्रात चेहऱ्याला महत्त्व असते. निसर्गचित्रात भूमी, आकाश, पाणी आणि प्रकाश यांना. या दोन विभागांच्या सीमेवर छायाचित्रांचा एक तिसरा वर्ग आहे. त्यात माणूस दिसतो, परंतु तो कोण हे कळत नाही. डोंगर, झाड किंवा खडक यांच्याप्रमाणे तोही रचनेतील एक आकार म्हणून येतो. अशा छायाचित्रांचा विचार बहुधा सौंदर्यशास्त्राच्या अंगाने केला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

प्रस्तुत निबंधात या वर्गातील छायाचित्रांचा व चित्रपटदृश्यांचा विचार विटा आणि लगतचा माणदेश या परिसराच्या संदर्भात केला आहे. निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) पश्चिम भारतातील छायाचित्रणात निसर्गदृश्यातील मानवाकृतीला कोणकोणत्या भूमिका दिल्या गेल्या, हे पाहणे.
(२) पाश्चात्त्य छायाचित्रणात 'आकार म्हणून देह' ही कल्पना कशी घडली, हे थोडक्यात मांडणे.
(३) माणदेशी माळावरील मानवाकृतीचे वेगळेपण स्पष्ट करणे आणि त्यातून निर्माण होणाऱ्या नैतिक प्रश्नाकडे लक्ष वेधणे.

चित्रपटाचा समावेश करण्याचे कारण असे की, या परिसरातील माणूस आणि माळ यांचा संबंध दृश्यरूपाने व्यापक प्रेक्षकवर्गापर्यंत प्रथम चित्रपटातूनच पोहोचला. चित्रपटातील चौकटही अखेर कॅमेऱ्यानेच टिपलेली असते.

२. परिसराची दृश्यवैशिष्ट्ये

विटा हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. ब्रिटिश काळात हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. शेजारचा आटपाडी भाग संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत औंध संस्थानात होता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा हा सारा प्रदेश पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणप्रवण राहिला. येरळा, अग्रणी आणि माण या येथील नद्या वर्षातील बराच काळ कोरड्या असत. शेतीने पोट भरत नाही म्हणून येथील माणसे मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडली, मुंबईच्या गिरण्यांत गेली, तर खानापूर-आटपाडीतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली. ज्या भूमीने माणसाला सतत बाहेर घालवले, त्या भूमीच्या चित्रात माणसाचे असणे ही साधी गोष्ट नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

छायाचित्रणाच्या दृष्टीने या प्रदेशाची काही वैशिष्ट्ये आहेत. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटात झाडी आणि डोंगर यांमुळे दृष्टी अडते. तेथे माणूस दृश्यात मिसळून जातो. माळावर मात्र क्षितिज सलग व आडवे असते. बाभूळ, एखादे लिंबाचे झाड, दगडी ताल किंवा देवळाचे शिखर एवढेच काय ते उभे आकार. अशा आडव्या अवकाशात चालणारा माणूस मैलभरावरून दिसतो. इतक्या अंतरावरून चेहरा ओळखू येत नाही. ओळख पटते ती उभे राहण्याच्या ढबीवरून, खांद्यावरच्या घोंगड्यावरून, हातातल्या काठीवरून किंवा डोक्यावरच्या घागरीवरून. येथील लोकही दूरच्या माणसाला असेच ओळखत आले आहेत. मानवाकृतीचे आकारात रूपांतर करण्याचे काम येथे अंतरच करते.

३. मापक आणि नमुना : एकोणिसावे शतक

१८३९ साली छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि पुढच्या दीड दशकात त्याने मुंबईत मूळ धरले. १८५४ साली तेथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत.

त्या काळातील ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेला लेप देणे, छायाचित्र घेणे आणि ते धुणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, उरकावी लागत. त्यासाठी छायाचित्रकाराला काळोख्या तंबूसह प्रवास करावा लागे. प्रकाश कितीही प्रखर असला तरी चित्रातील माणसाला काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. हलणारा माणूस धूसर होई किंवा नाहीसाच होई. त्यामुळे त्या काळातील निसर्गदृश्यात दिसणारा प्रत्येक ठळक माणूस हा तेथे उभा केलेला किंवा निदान थांबवलेला माणूस आहे, असे मानण्यास हरकत नाही.

तो कशासाठी उभा केला जाई? पहिले कारण मोजमापाचे होते. लेणी, मंदिरे आणि किल्ले यांची छायाचित्रे घेताना वास्तूची उंची कळावी म्हणून खांबाशेजारी एखादा माणूस उभा करण्याची प्रथा पडली. त्याचे नाव नोंदवण्याची गरज कोणास वाटली नाही. त्याचे काम मोजपट्टीचे होते.

दुसरे कारण वर्गीकरणाचे होते. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींवरील ग्रंथाचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अनेक चित्रांत माणसांचे समूह एका ठिकाणी टिपलेले आहेत आणि त्यांच्या मागचे दृश्य दुसऱ्याच ठिकाणचे आहे. दोन्ही प्रतिमा जुळवून एक चित्र तयार केले आहे. वरवर पाहता ही माणसे आपापल्या परिसरात उभी आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या माणसांचा त्या जागेशी संबंध असेलच असे नाही. पुढे १८६८ ते १८७५ या काळात जे. फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात तर व्यक्ती ही जमातीचा नमुना म्हणूनच येते. मापक असो वा नमुना, दोन्ही भूमिकांत माणूस परिसरापासून तोडलेला आहे.

४. दुष्काळ आणि रचलेला देह

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खनी भाग होरपळून निघाला. या दुष्काळाची आज सर्वाधिक परिचित असलेली छायाचित्रे मद्रास इलाख्यातील आहेत. ती विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने घेतली. उपासमारीने केवळ सांगाडे उरलेली माणसे त्याने गटागटाने बसवून, मांडून टिपली आहेत. आडवे-उभे देह, फासळ्यांच्या रेषा, मध्यभागी मूल अशी त्यांची रचना चित्रकाराच्या नजरेने केलेली दिसते. ही छायाचित्रे पुराव्याचे काम करतात, हे नाकारता येत नाही. परंतु मृत्यूच्या उंबरठ्यावरील देहाची मांडणी करणाऱ्या नजरेबद्दल तेव्हाही प्रश्न उपस्थित झाले आणि आजही होतात. देहाकडे आकार म्हणून पाहण्याची ही भारतीय छायाचित्रणातील सर्वांत क्रूर अवस्था होय.

विसाव्या शतकात दुष्काळी चित्रांची एक रूढ भाषा तयार झाली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होते. त्यानंतरच्या प्रत्येक टंचाईत भेगाळलेली जमीन आणि तीवरून घागर घेऊन जाणारी पाठमोरी स्त्री हे चित्र वृत्तपत्रांत पुनःपुन्हा येत राहिले. हूपरच्या चित्रांतील क्रौर्य येथे नाही. तरीही एक साम्य आहे. दोन्हीकडे आकार ठळक आहे आणि नाव अनुपस्थित आहे.

५. पाश्चात्त्य छायाचित्रणातील 'आकार म्हणून देह'

यंत्र हलके झाले, पट्टी अधिक संवेदनक्षम झाली आणि छायाचित्रण ही कला आहे असा दावा केला जाऊ लागला, तेव्हा मानवाकृतीला चौथी भूमिका मिळाली. अमेरिकेतील ॲन ब्रिगमन या छायाचित्रकर्तीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिएरा नेवाडा पर्वतराजीत नग्न स्त्रीदेहाची छायाचित्रे घेतली. वाऱ्याने पिळवटलेली झाडे आणि देह यांच्या रेषा तिने एकमेकींशी जुळवल्या. अनेक चित्रांत ती स्वतः आहे. त्यामुळे पाहणारी आणि पाहिली जाणारी हा भेदच तेथे मिटतो. एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियातील ओशानो येथील वाळूच्या टेकड्यांवर चॅरिस विल्सन यांची छायाचित्रे टिपली. त्यांत वाळू आणि त्वचा यांचे पोत व छायाप्रकाश तुल्यबळ आहेत. ब्रिटनमधील बिल ब्रांट यांनी अतिविस्तृत कोनाच्या भिंगाने समुद्रकिनाऱ्यावरील देहाचे भाग इतक्या जवळून टिपले की कोपर, गुडघा, कान हे खडकांसारखे भासतात. त्यांचा 'पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स' हा संग्रह १९६१ साली प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकात क्यूबात जन्मलेल्या ॲना मेंडिएता यांनी माती, गवत आणि पाणी यांत स्वतःच्या देहाची केवळ आकृती उमटवली आणि तिचे छायाचित्र ठेवले. तेथे देह निघून गेला आहे. उरला आहे तो भूमीवरचा ठसा.

या परंपरेत वस्त्र दूर करण्यामागे एक विचार आहे. वस्त्रातून काळ, वर्ग, व्यवसाय आणि प्रांत कळतो. तो काढून टाकला की देह कालातीत होतो आणि खडक, वाळू यांच्या बरोबरीने पाहता येतो, अशी त्यामागील धारणा आहे. ही धारणा विशिष्ट समाजात निर्माण झाली. ती सार्वत्रिक मानण्यापूर्वी आपल्या परिसरातील उदाहरणे तपासणे इष्ट ठरेल.

६. औंध : देहाचे शास्त्र आणि कलेचा संग्रह

विट्यापासून जवळच असलेल्या औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध झाला आणि १९३८ साली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' या नावाने तो लंडनहूनही निघाला. या उपक्रमात छायाचित्राचा उपयोग देहाच्या स्थितीची नोंद करण्यासाठी झाला. एकामागून एक येणाऱ्या स्थितींत पाठ, कंबर, हात यांचा कोन महत्त्वाचा, चेहरा गौण. देह येथेही आकारच आहे. परंतु तो पाहण्याचा विषय नसून अनुकरणाचा विषय आहे. वाचकाने तो आकार स्वतःच्या देहात आणावा, ही अपेक्षा आहे. निसर्गदृश्य मात्र येथे वगळले गेले आहे.

बाळासाहेबांनी १९३८ साली औंधच्या टेकडीवर श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, बाबूराव पेंटर आदींच्या चित्रांबरोबरच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे शिल्प या संग्रहात आहे. मूर यांनी मानवी देहाला डोंगर, खडक आणि गुहा यांची वळणे दिली. देह आणि भूमी यांच्या एकरूपतेचा विचार करणाऱ्या आधुनिक शिल्पकाराची कलाकृती माणदेशाच्या वेशीवर असावी, ही बाब या विषयाच्या विद्यार्थ्याने अवश्य नोंदवावी अशी आहे.

७. चित्रपटांतील माळ : दोन उदाहरणे

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची कथा मांडली. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम करणाऱ्या व्ही. शांताराम यांनी पुढे 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा चित्रपट काढला. त्याचे मूळ या परिसरात आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही खुल्या कैद्यांची वसाहत सुरू झाली. त्या प्रयोगावरून स्फूर्ती घेतलेल्या या चित्रपटाचे लेखन याच मातीतील ग. दि. माडगूळकर यांचे, तर छायाचित्रण जी. बालकृष्ण यांचे.

या चित्रपटातील सहा कैदी आरंभी हातांच्या ठशांपुरतेच ओळखले जातात. शासनाच्या लेखी माणूस म्हणजे त्याचा ठसा. पुढे उजाड, खडकाळ जमिनीवर ते राबू लागतात आणि त्यांच्या आकृती कुदळ, नांगर, माती यांच्यासह पडद्यावर येतात. कृष्णधवल छायाचित्रणात पांढरे आकाश, गडद भूमी आणि त्यांच्या मधोमध वाकलेला देह अशी रचना सहज ठसते. त्या आकारांचे सौंदर्य श्रमातून आलेले आहे. जमीन बदलते, तसे तिच्यावर उभे राहण्याची माणसांची ढबही बदलते. मेंडिएता यांच्या कलाकृतीत ठसा मागे ठेवून देह नाहीसा होतो. येथे प्रवास उलटा आहे. ठशातून सुरुवात होऊन देह आणि मग व्यक्ती प्रकट होते.

दुसरे उदाहरण 'बनगरवाडी'चे. व्यंकटेश माडगूळकर यांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. अमोल पालेकर दिग्दर्शित चित्रपट १९९५ साली तयार झाला. त्याची पटकथा माडगूळकरांचीच असून छायाचित्रण देबू देवधर यांचे आहे. माडगूळकर उत्तम रेखाटनकार होते. मोजक्या रेषांत माणूस उभा करण्याची त्यांची दृष्टी लेखनातही दिसते. औंध संस्थानातील धनगरवस्तीवर आलेला तरुण मास्तर हा या कथेचा निवेदक. वस्तीवर तालीम बांधली जाते आणि तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात. देहसंवर्धनाचा औंधचा आग्रह असा या कथेतही डोकावतो. अखेरीस दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि वस्ती ओस पडते. माळ तोच, क्षितिज तेच. परंतु उभी आकृती नाही. निसर्गदृश्यातील माणसाचे मोल त्याच्या अनुपस्थितीतून कळते.

धनगर समाजाच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनीही बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या उपासकांचे जीवन, ओव्या आणि विधी यांचे दस्तऐवजीकरण केले. त्यांच्या कामाचे महत्त्व असे की, माळ हा त्यांच्या लेखी पार्श्वभूमी नव्हता. रान, वस्ती, देव आणि मेंढपाळ यांचा एकमेकांशी असलेला संबंध हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. घोंगडे पांघरून काठीवर भार टाकून उभा असलेला धनगर हा आकार कोणत्याही छायाचित्रकाराला मोह घालील असा आहे. पण तो आकार घडण्यामागे कळपावर तासन्‌तास नजर ठेवण्याची गरज, थंडी-पावसाचा मारा आणि पिढ्यांची भटकंती आहे. ते जाणून घेतल्यावर आकाराचे सौंदर्य कमी होत नाही. त्याला अर्थ प्राप्त होतो.

८. आकार, नाव आणि बदलती भूमी

वरील विवेचनातून दोन मार्ग स्पष्ट होतात. पाश्चात्त्य परंपरेत वस्त्र काढून देहाला आकाराचे रूप दिले गेले. माणदेशी माळावर अंतर, आडवे क्षितिज आणि प्रखर उजेड यांमुळे सवस्त्र माणूसच आकार बनतो. या आकारात व्यवसाय, जात, लिंग आणि श्रम यांच्या खुणा राहतात. म्हणून तो कालातीत मानता येत नाही. तो इतिहासाचे साधन आहे.

येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. चॅरिस विल्सन यांचे नाव वेस्टन यांच्या चित्रांबरोबर नोंदले गेले; त्यांनी स्वतः आपल्या आठवणीही लिहिल्या. ब्रिगमन आणि मेंडिएता यांनी तर स्वतःचाच देह वापरला. आपल्याकडील घागरवाली स्त्री, खडी फोडणारा मजूर, मेंढपाळ यांना आपण चित्रात आहोत याची कल्पना तरी असते का? छायाचित्राखाली बहुधा गावाचे किंवा दुष्काळाचे नाव असते, माणसाचे नसते. खांबाशेजारी मोजमापासाठी उभ्या केलेल्या अनाम माणसापासून आपण फार दूर आलो आहोत, असे म्हणणे कठीण आहे. छायाचित्रात चेहरा दिसत नसला तरी नोंदवहीत नाव, गाव, काम आणि तारीख लिहिता येते. संमती घेऊन चित्राची एक प्रत त्या व्यक्तीला देता येते. यासाठी मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही.

दुसरा मुद्दा भूमीचा. हा प्रदेश निष्क्रियपणे दुष्काळ सोसत राहिला, असे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस खानापूर तालुक्यात येरळेवर तांदुळवाडी-बलवडी येथे लोकांनी स्वतःच्या संघटनेच्या बळावर बळीराजा धरण उभारले. १९९० च्या दशकात आटपाडीत पाणी परिषदांमधून समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढे आली. टेंभू उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी आणि लगतच्या तालुक्यांत पोहोचत गेले. डाळिंब, द्राक्ष आणि काही ठिकाणी ऊसही दिसू लागला. म्हणजे ज्या उघड्या माळामुळे मानवाकृती ठळक दिसत होती, तो माळच अंशतः झाकला जात आहे. तरीही भेगाळलेली जमीन आणि एकाकी आकृती हेच या भागाचे चित्र म्हणून वापरले जात असेल, तर तो आकार सत्यापासून सुटला असे म्हणावे लागेल. जॉन्सनच्या चित्रांतील उसन्या पार्श्वभूमीचाच तो नवा प्रकार ठरेल.

९. निष्कर्ष

(१) पश्चिम भारतातील छायाचित्रणात निसर्गदृश्यातील मानवाकृती मापक, नमुना, पुरावा आणि आकार अशा चार भूमिकांत आढळते. या भूमिका काळानुसार एकीची जागा दुसरीने घेतली अशा नाहीत. त्या आजही एकत्र नांदतात.

(२) देहाचे आकारात रूपांतर होण्यासाठी विवस्त्रता अपरिहार्य नाही. विटा-माणदेश परिसरात भूगोल आणि श्रम यांतूनच ते रूपांतर घडते.

(३) 'दो आँखें बारह हाथ' आणि 'बनगरवाडी' या चित्रपटांत माणूस आणि भूमी यांचे परस्परावलंबन दिसते. म्हणून त्यांतील आकृती केवळ रचनेपुरत्या उरत नाहीत.

(४) अनाम आकृतीचे छायाचित्र इतिहासाचे साधन म्हणून अपुरे राहते. परिसरातील जुन्या छायाचित्रालयांतील निगेटिव्ह, घरोघरचे संग्रह आणि वृत्तपत्रांची कात्रणे यांतील व्यक्तींची ओळख पटवून घेण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांनी हाती घ्यावे. ज्यांना ही माणसे दुरून ढबीवरून ओळखता येतात, ती पिढी आता वयोवृद्ध झाली आहे. हे काम फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही.